स्वप्नातलं भान आणि ते शिकण्याचा प्रश्न

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं हा अनुभव वाटतो तितका दुर्मीळ नाही. आधीच्या पन्नास वर्षांतले ३४ अभ्यास एकत्र करून ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक हिशेब मांडला. त्यात २४,२८२ लोकांची उत्तरं होती. त्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं होतं आणि सुमारे २३ टक्के लोकांना महिन्यातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा पडत होतं. चारचौघांत विषय काढून पाहा, ‘अरे, मलाही होतं असं’ म्हणणारं कुणीतरी निघतंच. लहानपणी भीतीदायक स्वप्नातून सुटायला डोळे घट्ट मिटून घ्यायची युक्ती सापडलेली माणसं तर मला बरीच भेटली आहेत.

अशा स्वप्नाला ल्युसिड ड्रीम म्हणतात. इथे सजग स्वप्न म्हणू. त्याबद्दल लोक दोन गोष्टी विचारतात. हे खरंच झोपेत घडतं का, आणि ठरवून शिकता येतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता पक्कं आहे. दुसऱ्याचं उत्तर होकारार्थी असलं तरी त्या होकाराला बऱ्याच अटी आहेत. आणि शिकवणाऱ्यांचा सगळा भर ‘स्वप्नावर ताबा मिळवा’ या आमिषावर असतो, तो मला चुकीच्या जागी वाटतो. या विषयावर वाचताना आणि थोडंफार करून पाहताना माझं मत असं होत गेलं, की ही मुळात आठवण ठेवण्याची कला आहे.

आधी पुराव्याचं पाहू, कारण तिथली गोष्ट फार सुंदर आहे. स्वप्नाची हकिकत माणूस जागा झाल्यावर सांगतो. रात्री ते खरंच तसं घडलं, हे दुसऱ्याला कसं कळावं? नॉर्मन माल्कम या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९५९ मध्ये ‘ड्रीमिंग’ नावाच्या छोट्या पुस्तकात ही शंका टोकाला नेली. झोपलेला माणूस कुठलाही निर्णय करू शकत नाही, तेव्हा ‘मी झोपेत आहे’ हे झोपेत कळणं या बोलण्याला अर्थच नाही, असं त्याचं म्हणणं. झोपेचे अभ्यासकही साधारण याच मताचे होते. माणूस दोन-चार सेकंद जागा होतो, तेवढ्यात ‘हे स्वप्न होतं’ असं त्याला वाटतं आणि तो पुन्हा झोपतो, इतकंच असेल असं ते धरून चालत.

यातून वाट निघाली ती डोळ्यांमुळे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं होतं, की झोपेच्या एका टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. या टप्प्याला आरईएम म्हणतात, आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात. तेव्हा हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण ढिले पडलेले असतात, त्यामुळे स्वप्नात धावलो तरी अंथरुणात आपण धावत नाही. पण डोळ्यांच्या स्नायूंना ही बंदी लागू नसते. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने नेमका याचा उपयोग केला. ॲलन वर्स्ली या गृहस्थांना सजग स्वप्नं वारंवार पडत. स्वप्नात आहोत असं कळताच डोळे डावीकडून उजवीकडे आठ वेळा फिरवायचे, असं दोघांत ठरलं. १२ एप्रिल १९७५ रोजी यंत्राच्या कागदावर त्या खुणा उमटल्या. त्याच वेळच्या मेंदूच्या आणि स्नायूंच्या नोंदी माणूस आरईएम झोपेत असल्याचं सांगत होत्या. झोपेच्या आतून बाहेर आलेला, आधी ठरवलेला तो पहिला नोंदवलेला निरोप.

हर्नचं काम त्याच्या प्रबंधात राहिलं, फारसं बाहेर गेलं नाही. तिकडे कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात, स्टीफन लाबर्ज स्वतंत्रपणे त्याच युक्तीपर्यंत पोहोचला. त्याचा निबंध ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या दोन्ही नियतकालिकांनी नाकारला. शेवटी १९८१ मध्ये तो ‘पर्सेप्च्युअल अँड मोटर स्किल्स’मध्ये छापून आला. पुढे स्वप्नात श्वास रोखणं, आकडे मोजणं, अंगठ्यावर नजर ठेवून तो हवेत हळूहळू फिरवणं असे किती तरी प्रयोग याच खुणेच्या आधाराने झाले. अंगठ्याचा प्रयोग २०१८ मधला आहे. जागेपणी खरी वस्तू पाहताना नजर सलग, गुळगुळीत सरकते आणि नुसती कल्पना केली तर तुटक उड्या मारते. स्वप्नातल्या अंगठ्यामागे ती सलग सरकली. पाहण्याच्या यंत्रणेपुरतं बोलायचं तर स्वप्न कल्पनेपेक्षा प्रत्यक्षाच्या जवळ निघालं.

या खुणेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘कळलं की डोळे फिरव’ ही सूचना वर्स्लींना जागेपणी मिळाली होती आणि ती स्वप्नात आठवली, म्हणूनच प्रयोग झाला. साध्या स्वप्नात नेमकं हेच होत नाही. वारलेले आजोबा समोर बसून चहा पितात आणि आपल्याला काही वावगं वाटत नाही, कारण ते वारले ही गोष्ट त्या क्षणी हाताशी नसते. आपण कुठे झोपलो, काल काय झालं, उद्या काय करायचं, ही सगळी जोडणी सुटलेली असते. सजग स्वप्नात त्यातला एक धागा पुन्हा हाती लागतो.

लाबर्जने १९८० मध्ये मांडलेली शिकण्याची पद्धत याच पायावर उभी आहे. आपण रोज ‘घरी जाताना औषध घ्यायचं’ असं मनाशी ठरवतो आणि दुकान दिसलं की ते आठवतं. पुढच्या कामाची ही आठवण स्वप्नासाठी वापरायची. पहाटे एखाद्या स्वप्नातून जाग आली की लगेच कूस बदलून विसरून जायचं नाही. ते स्वप्न शक्य तितकं आठवायचं. मग पुन्हा झोपताना मनात घोळवायचं, की पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल. सोबत त्याच स्वप्नात परत गेल्याचं आणि त्यातली विचित्र गोष्ट ओळखल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं. झोप लागेपर्यंत एवढंच. नुसता मंत्रासारखा जप केला तर फारसं हाती लागत नाही, असं सगळेच शिकवणारे सांगतात. ‘आठवेल’ या शब्दामागे खरा इरादा हवा.

पहाट का, याला कारण आहे. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते आणि दर फेरीत आरईएमचा वाटा वाढत जातो. रात्रीच्या पहिल्या प्रहरात तो काही मिनिटांचा असतो, साखरझोपेत लांबलचक. पहाटेची स्वप्नं खरी होतात अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी होवोत न होवोत, लक्षात मात्र तीच राहतात, कारण ती लांब असतात आणि त्यांच्या शेवटी आपण जागे होतो. म्हणून आजचे बहुतेक अभ्यासक पाचेक तास झोपून उठायला, थोडा वेळ जागं राहायला आणि वरची पद्धत करत पुन्हा झोपायला सांगतात.

याने किती जणांना साधतं? ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठात डेनहोम ॲस्पी याने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसभराची तपासणी, पहाटेचं उठणं आणि लाबर्जची पद्धत असं तिन्ही करणाऱ्या गटाला आठवड्याभरात सुमारे १७ टक्के वेळा यश आलं. पद्धत संपवल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत हा आकडा ४६ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे इरादा ताजा असतानाच झोपेत शिरणं महत्त्वाचं. ‘सात दिवसांत शिका’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये आणि ‘हे जमतच नाही’ म्हणणाऱ्यांवरही ठेवू नये, एवढं या आकड्यांवरून कळतं.

वर ‘दिवसभराची तपासणी’ म्हटलं, ती अशी. दिवसातून अनेकदा थांबून, मनापासून, ‘मी आत्ता जागा आहे का?’ असं विचारायचं. पॉल थोलाय या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हा मार्ग नीट बांधला. सवय मुरली की तोच प्रश्न स्वप्नातही विचारला जातो. खात्रीसाठी छोट्या युक्त्या आहेत. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा, स्वप्नात तो चक्क घेता येतो. दिव्याचं बटण दाबायचं, स्वप्नात उजेड बहुधा मनासारखा होत नाही. हर्नने १९८१ मध्ये याच गोष्टीवर लिहिलं. सर्वांत भरवशाची युक्ती अक्षरांची. एखादी पाटी वाचायची, नजर हटवायची, पुन्हा वाचायची.

मला ती एकदाच नीट लागू पडली. स्वप्नात मी एसटी स्टँडवर उभा होतो, गर्दी होती, बस लागत होती. काचेवरच्या पाटीवर ‘सातारा’ वाचलं, पिशवी उचलली, पुन्हा पाहिलं तर तिथे ‘सारतारा’ होतं आणि अक्षरं अजून हलत होती. त्या क्षणी सगळं लख्ख झालं. डिझेलचा वास, पिशवीच्या बंदाचा हातावरचा वळ, शेजारच्या बाईच्या पदराची जर, सगळं जागेपणीपेक्षा जास्त स्पष्ट, आणि मनात एकच वाक्य, की यातलं काहीच इथे नाही. मला उडायचं वगैरे सुचलं नाही. नुसतं पाहत राहावंसं वाटलं. आनंद इतका झाला की त्यानेच जाग आली. बहुतेक नवशिक्यांची पहिली स्वप्नं अशीच उत्तेजनाने मोडतात. अनुभवी लोक सांगतात, की अशा वेळी तळहात एकमेकांवर चोळावेत किंवा जागच्या जागी गोल फिरावं. शरीराची जाणीव स्वप्नातल्या शरीराकडे राहिली की स्वप्न टिकतं.

या पाहत राहण्याचं सर्वांत चांगलं वर्णन मला एका शतकापूर्वीच्या लेखनात सापडलं. फ्रेडरिक व्हान एडन हा डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक. १८९८ ते १९१२ या काळात त्याने आपल्या ३५२ सजग स्वप्नांची नोंद ठेवली आणि १९१३ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आज रूढ असलेलं इंग्रजी नाव त्या निबंधामुळेच प्रचारात आलं. १९०४ मधल्या एका स्वप्नात त्याने टेबलावरचा वाइनचा नाजूक पेला उचलून त्यावर जोराने मूठ मारली. पेला जसाच्या तसा. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर तो फुटलेला, जणू फुटायला उशीर झाला. मग त्याने तुकडे खिडकीबाहेर फेकले आणि खळ्ळकन आवाज येतो का ते ऐकलं. आवाज आला, इतकंच काय, त्या आवाजाने दोन कुत्री पळतानाही दिसली. शेवटी त्याने वाइनची चव घेऊन पाहिली; ती वाइनसारखीच लागली. भान आल्यावर माणसाने किती शांतपणे प्रयोग करावेत याचा हा नमुना आहे. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, एर्वे द सँ-दनी या फ्रेंच चिनी-विद्येच्या पंडिताने निनावी पुस्तक काढून स्वप्नांना वळण देण्याचे उपाय लिहिले होते. एखाद्या ठिकाणी राहताना तो ठरावीक अत्तर वापरी. नंतर नोकराला सांगून ठेवी, की कधी तरी रात्री, मला न सांगता, त्याचे थेंब उशीवर टाक. त्या रात्री ते ठिकाण स्वप्नात येई. आजच्या प्रयोगशाळा जागेपणी शिकवलेला आवाज झोपेत हळूच ऐकवून स्वप्नातलं भान जागवतात, त्यामागचं तत्त्व हेच.

भारतात हा विषय जुना आहे, पण हेतू वेगळा. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो, की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, ते सगळं झोपलेला स्वतःच निर्माण करतो. मांडूक्याने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडचं तुरीय अशी मांडणी केली. गौडपादाने आपल्या कारिकांत स्वप्नाचा दाखला घेऊन जागेपणाचीच परीक्षा केली. पतंजलीच्या पहिल्या पादात स्वप्न आणि निद्रेतलं ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचं आलंबन म्हणून येतं. यात कुठे ‘हवं ते स्वप्न पाहा’ असा सूर नाही. प्रत्यक्ष साधना म्हणून हे सर्वांत तपशिलात टिकलं ते तिबेटात, नारोपाच्या सहा योगांपैकी एक म्हणून. तिथे साधक दिवसा भोवतालच्या सगळ्याकडे स्वप्न म्हणून पाहायला शिकतो, रात्री स्वप्न ओळखतो, त्यातली रूपं बदलतो आणि शेवटी रूपं सोडून ध्यानात बसतो. १९९२ मध्ये धरमशाळेत दलाई लामा आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ यांच्यात झोप, स्वप्न आणि मृत्यू यांवर जी चर्चा झाली, तिच्यात सजग स्वप्नांचे प्रयोगही मांडले गेले.

मराठी वाचकाच्या मनात स्वप्न म्हटलं की आधी दृष्टान्त येतो. तुकोबांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात, असं ते स्वतःच सांगतात. त्या अभंगातला एक तपशील मला या विषयाच्या संदर्भात विसरता येत नाही. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितलं आणि स्वप्नात त्याचा विसर पडला, अशी हळहळ तिथे आहे. दृष्टान्त आणि सजग स्वप्न एक नव्हेत. दृष्टान्तात मिळतं ते बाहेरून आलेलं मानलं जातं, सजग स्वप्नात आपण निर्माता आहोत हे माहीत असतं. पण स्वप्नात आठवण किती सहज निसटते, हे इतक्या साधेपणाने क्वचितच कुणी नोंदवलं असेल.

मेंदूत नेमकं काय होतं, यावर अजून वाद आहे. २००९ मध्ये जर्मनीत उर्सुला फॉस आणि सहकाऱ्यांनी म्हटलं, की सजग स्वप्नात मेंदूच्या पुढच्या भागात ४० हर्ट्झच्या आसपासच्या लहरी वाढतात आणि ही झोप व जाग यांची मिश्र अवस्था आहे. २०१४ मध्ये बाहेरून सौम्य वीजप्रवाह देऊन सजगता आणल्याचा दावा झाला. नंतर बेंजामिन बेअर्ड आणि इतरांनी दाखवलं, की डोळ्यांच्या बारीक हालचालीही यंत्राला तशाच लहरींसारख्या दिसू शकतात. त्यांच्या मते ही मिश्र अवस्था नसून जास्त सक्रिय अशी आरईएम झोपच आहे. २०१२ मध्ये म्युनिकहून आलेलं मेंदूच्या छायाचित्रांचं बहुचर्चित काम एकाच व्यक्तीवर आधारलेलं होतं. अशा स्थितीत लहरींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्या आणि चष्मे घ्यायची मी कुणाला शिफारस करणार नाही.

औषधाचा पुरावा त्यापेक्षा भक्कम आहे. २०१८ मध्ये लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी १२१ जणांवर गॅलेंटामिनची चाचणी केली. पहाटे उठून पद्धतही केली जात होतीच. नुसत्या खोट्या गोळीवर १४ टक्के, ४ मिलिग्रॅमवर २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के लोकांना सजग स्वप्न पडलं. पण हे अल्झायमरच्या रुग्णांना देतात ते औषध आहे. मळमळ, झोप उडणं हे त्याचे ठाऊक असलेले त्रास आहेत. हौसेसाठी ते स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे.

अलीकडच्या कामांपैकी मला सर्वांत थरारक वाटतं ते २०२१ मधलं. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी ३६ जणांना झोपेतच प्रश्न विचारले. अमेरिकेतल्या एका तरुणाला आठातून सहा गेले तर किती, असं विचारल्यावर त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. एकूण १५८ प्रयत्नांपैकी १८.४ टक्के वेळा बरोबर उत्तर आलं, साठ टक्के वेळा काहीच आलं नाही, आणि स्पष्टपणे चुकीची उत्तरं फारच थोडी होती. याच्या शेजारी २०११ मधला एक अभ्यास ठेवून पाहावा. त्यात सजग स्वप्न पाहणाऱ्यांनी स्वप्नातल्या माणसांना गणितं घातली. त्या माणसांना जेमतेम एक तृतीयांश जमली. हिशेब येतो तो स्वप्न पाहणाऱ्याला. त्याने निर्माण केलेल्या मास्तरांना येईलच असं नाही.

सराव म्हणूनही याचा उपयोग तपासला गेला आहे. डॅनिएल एरलाखर आणि मिखाएल श्रेडल यांच्या प्रयोगात नाणं पेल्यात टाकण्याचा सराव स्वप्नात करणाऱ्यांचा नेम सकाळी सुधारला. स्वप्नात उठाबशा काढायला मात्र जागेपणीपेक्षा जास्त वेळ लागतो, असंही याच गटाच्या कामातून दिसलं. खेळाडूंना यातून काही मिळेल, पण मैदानाऐवजी अंथरूण चालेल इतकं हे मोठं नाही.

तोट्यांबद्दल शिकवणारे कमी बोलतात. पहाटे मुद्दाम उठणं म्हणजे झोप मोडणं, आणि सकाळी सातची लोकल गाठणाऱ्याला ते रोज परवडणारं नाही. सुट्टीच्या दिवसापुरतं ठेवावं. जागेपणातून थेट स्वप्नात शिरण्याचा एक मार्ग आहे. त्यात शरीर झोपलेलं आणि मन जागं, अशा अवस्थेत काही क्षण हलता येत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणी असल्याचा भास होतो. आपल्याकडे याला भुताखेताचे किती अर्थ लावले जातात ते सांगायला नको. ते आपोआप ओसरतं, पण आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. जाग आली असं वाटावं, तोंड धुवावं, चहा घ्यावा आणि तेही स्वप्नच निघावं, असंही पुष्कळदा होतं. ज्यांना आधीच स्वतःपासून तुटल्यासारखं वाटतं, खरं काय आणि भास काय यात गोंधळ होतो, त्यांनी या सरावापासून लांब राहावं. दिवसभर ‘हे स्वप्न आहे का?’ असं विचारणं त्यांच्यासाठी औषध नव्हे.

शिकणं सगळ्यांत सार्थकी लागावं असं मला वाटतं ते दुःस्वप्नांच्या बाबतीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्ये दुःस्वप्नांच्या विकारावर वापरता येतील अशा उपचारांत सजग स्वप्नांचाही समावेश केला. नेदरलँड्समध्ये स्पूरमाकर आणि व्हान डेन बाउट यांनी २००६ मध्ये २३ जणांवर छोटी चाचणी केली होती. दोन तासांच्या एकाच बैठकीत त्यांनी नेहमीच्या भयाण स्वप्नाचा शेवट कसा बदलायचा ते ठरवून घेतलं आणि स्वप्न ओळखण्याचा सराव शिकवला. बारा आठवड्यांनी दुःस्वप्नं कमी झालेली होती. गंमत म्हणजे, ज्यांना स्वप्नात एकदाही भान आलं नाही अशांनाही फायदा झाला. जागेपणी, निवांत बसून, त्या स्वप्नाचा नवा शेवट लिहून काढणं आणि रोज काही मिनिटं तो मनात पाहणं, एवढ्यानेही रात्र बदलू शकते. सुरुवात करायची असेल तर ती इथूनच करावी. उशीजवळ वही ठेवावी आणि जाग येताच, पाय जमिनीवर टेकायच्या आधी, आठवेल तेवढं लिहून काढावं.